ज्या तासाला मी हजर नव्हतो

मास्तर गेल्याची बातमी आईनं आणली. सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन ती रेवसहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा नेहमीसारखा मी तिला घ्यायला गेलो होतो. माझी गोदीतली कचेरी तिथून जवळच. एरवी धक्क्यावर पाय ठेवण्याआधीच तिचं बोलणं सुरू होतं. त्या दिवशी तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, “खारकर मास्तर गेलं रं...” चार दिवस ताप आला, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

चौलजवळच्या आमच्या बंदरावरच्या शाळेत मास्तर भूगोल शिकवत. १९१४चं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. कोळीवाड्यातून त्यांच्या वर्गापर्यंत पोचलेला मी एकटाच. पुस्तकात आमच्या किनाऱ्याच्या वाट्याला एकच ओळ होती; इथले लोक मासे मारून पोट भरतात, अशा अर्थाची. ती वाचून मास्तर थांबले. मारलेले मासे जातात कुठं, कोण नेतं, त्यांच्या बदल्यात काय येतं, असं त्यांनी एकेकाला विचारलं. विलायतेतल्या कापडगिरण्या आम्हाला पाठ होत्या, आसामचे चहाचे मळे पाठ होते. पण आपल्या ताटातला भात कुठून येतो ते कुणालाच सांगता येईना. मलासुद्धा नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर आमच्या दारात उभे राहिले. वर्गात येऊन मुलांना एक तास शिकवा, असं त्यांनी आईला सांगितलं. आई हसायलाच लागली. म्हणाली, “मी काय शिकवनार? मला येक अक्षर येत न्हाय.”

“अक्षरं मला येतात,” मास्तर म्हणाले. “वाटा तुम्हाला ठाऊक आहेत.”

आई कबूल झाली. वर्गात माझ्या शेजारी बसताना मुलं नाकाला धोतराचा सोगा लावत. मी रोज राखेनं हात घासून शाळेत जात असे. आता आईच येणार, टोपलीसकट... ठरल्या दिवशी पोटात दुखतंय असं सांगून मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आईनं कपाळावर हात ठेवून पाहिला. मग धुतलेलं लुगडं नेसली आणि एकटीच गेली.

त्या तासाची हकिकत मला मुलांकडूनच कळली. तिला खुर्ची दिली होती, पण ती जमिनीवर बसली. सुपाऱ्या मांडून तिनं खाडी दाखवली, रोहा दाखवला, माणगावचा बाजार दाखवला. कुठल्या गावचे पुरुष गिरणीत गेलेत आणि मागं शेत कोण बघतं, तेही सांगितलं. मुलं बाकांवरून उतरून तिच्याभोवती बसली होती. घंटा झाली तरी उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ शाळेत आले. मासळी विकणाऱ्या बाईचं वर्गात काय काम, असा त्यांचा सवाल होता. हेडमास्तरांनी भूगोल काढून घेतला आणि मास्तरांना उरलेलं वर्ष सर्वांत खालच्या वर्गाकडून कित्ता गिरवून घ्यायचं काम दिलं. हे सगळं माझ्या आईपायी झालं आणि मी तर तिथं हजरही नव्हतो... त्यांच्यासमोर जायचं मी टाळू लागलो. शेवटी त्यांनीच मला व्हरांड्यात गाठलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “तुझा एक तास बुडालाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर जा आणि भरून काढ. येताना नकाशा काढून आण.”

म्हणून मी गेलो. भरतीच्या पाण्यावर मचव्यानं रोह्यापर्यंत, तिथून बैलगाडीनं माणगावाकडे. वाटेतल्या एकेका गावात बायका आईची वाट पाहत होत्या. लावणीच्या दिवसांत भाजी मिळत नाही, तेव्हा भाकरीबरोबर जवळा आणि बोंबील लागायचे. ते आईनं द्यायचे आणि त्यांनी कणगीतला तांदूळ तिच्या पदरात घालायचा, अशी ही जुनी रीत. एका म्हातारीनं माझ्याकडे बघून विचारलं, “ह्यो तुजा लेक? शिकतो व्हय?”

“शिकतो,” आई म्हणाली. “त्याच्या साळंत मीबी येक डाव शिकवून आलेय.”

तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. परतताना गाडीत मला राहवलं नाही. त्या दिवशी पोटात दुखत नव्हतं, असं मी सांगून टाकलं. ती बैलांकडे बघत म्हणाली, “मला ठाव व्हतं. मास्तरांनाबी मीच सांगितलं व्हतं.”

नकाशा पाहून मास्तरांनी दोन गावांच्या जागा सुधारल्या. पोटदुखीचं त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी नाही. ही माहिती कुणी दिली, एवढंच विचारलं आणि खाली कोपऱ्यात आईचं नाव लिहायला लावलं. तिचं नाव मी कागदावर पहिल्यांदा लिहिलं ते तेव्हा. पुढच्या वर्षी भूगोल पुन्हा त्यांच्याकडे आला. दुसऱ्या कुणाला तो नकोच होता.

परवा चौलला त्यांच्या घरी जाऊन आलो. पडवीत मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या आणि शेजारी पोस्टकार्डांनी भरलेली एक लाकडी पेटी होती. गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून मास्तर एक वचन घेत... नव्या गावातले लोक काय खातात आणि ते त्यांच्यापर्यंत कोण आणतं, हे एका कार्डावर लिहून पाठवायचं. कराची, नागपूर, एडन, अशा गावागावांच्या गड्ड्या सुतळीनं बांधलेल्या. मी बसलेलो असतानाच टपालवाला आला. रंगूनहून कार्ड होतं, माझ्याच वर्गातल्या एकाचं. त्याला बातमी कळलेली नव्हती.

काकूंनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, “मोठ्यानं वाच. ते मोठ्यानं वाचायचे.”

मी वाचलं. इरावतीच्या काठचा तांदूळ, तो कांडणाऱ्या गिरण्या, तिथं काम करणारी तेलंगी माणसं... शेवटी सप्रेम नमस्कार. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, रंगूनच्या गड्डीची सुतळी सोडली, नवं कार्ड वर ठेवलं आणि कडा नीट जुळवून गड्डी पुन्हा बांधली.