मुक्ताचा कंपायलर आणि माझा निरंक अहवाल

विषय : फंक्शनल भाषेचा कंपायलर मोबाइलवर चालता करण्याच्या कामी निम्नस्वाक्षरीकाराने, म्हणजे मी, घातलेला घोळ.
संदर्भ : कन्या मुक्ता हिचे तोंडी आदेश.

आता तुम्ही विचाराल, जयपुरात निवृत्त होऊन इथंच राहिलेल्या कारकुनाचा कंपायलरशी संबंध काय? नव्हताच. मुलीनं आणला.

मुक्ता इथल्याच सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत आहे. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणारा दुभाषी म्हणजे कंपायलर, असं तिनं मला समजावलं. मुक्ता प्रोग्राम लिहिते ती फंक्शनल जातीची भाषा मोठ्या संगणकांवर वाढलेली. तिच्यात लिहिलेली ॲप्स साध्या फोनवर चालावीत, म्हणून मुक्ता त्या कंपायलरमध्ये फेरफार करत होती. जमलं तर कंपनी काम पुढे नेणार, नाही तर गुंडाळणार.

ती भाषा मला फार पसंत पडली. एकदा लिहिलेलं तिच्यात खोडता येत नाही. बदल हवा तर नवी प्रत काढायची!

"मग जुन्या प्रतींचं काय करता?"

"नको असलेल्या आपोआप झाडल्या जातात, बाबा. फोनवर त्याचीच धाकधूक आहे."

"आम्ही कधीच झाडल्या नाहीत. तरी कचेरी चालली."

"चालली? हलली तरी होती का कधी?" आतून सौ.

चाचणीसाठी मुक्तानं एक ॲप केलं : मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या पाळ्या लावण्याचं. ते माझ्या जुन्या फोनवर घातलं. "दिवसभर पाळ्या बदलत राहा. काही बिघडलं तर संध्याकाळी मेसेज करा."

घोळ इथं सुरू झाला. उभ्या नोकरीत मी संध्याकाळचा अहवाल एका शब्दात दिला : निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. त्रुटी कळवली की विचारणा येते, विचारणेला खुलासा लागतो, खुलाशावर शेरा बसतो. शहाणा कारकून खड्ड्यात उभा राहूनही निरंक कळवतो. त्यातून पोटच्या मुलीच्या कामात खोट काढून लेखी द्यायची?

ॲप रोज थिजायचं. फोन असा तापायचा की वर पापड भाजावा. मी तो बाजूला ठेवून चहा टाकायचो. चहा पिऊन होईतो तो ताळ्यावर यायचा. काउंटरवरचा माणूससुद्धा मध्येच उठून जातोच की. त्याची का कुणी नोंद घेतं?

संध्याकाळी मेसेज : निरंक.

कंपनीला काम दाखवायच्या दिवशी मुक्ता मलाही घेऊन गेली. साहेब राठौडजींना अभिमानानं म्हणाली, "सर, पापा ने पुराने फोन पर रोज़ चलाया है. एक भी शिकायत नहीं."

राठौडजींनी फोन हातात घेतला आणि पाळ्या बदलायला लागले. त्यांना त्यात गोडी वाटली असावी, थांबेनात. मग पडदा थिजला. त्यांनी बोट दाबलं, घासलं, आपटलं. मुक्ताचा चेहरा उतरला.

बापाचं काळीज! मी धीर द्यायला पुढे सरसावलो. "घबराइए मत, साहब. चाय मँगवाइए. चाय खत्म होते-होते चल पड़ेगा. रोज़ चल पड़ता है."

"रोज?" मुक्ता मराठीत म्हणाली.

चहा आला. तो संपता संपता ॲप खरंच चालू झालं. निदान एक अहवाल तरी माझा बिनचूक निघाला. राठौडजी हसले की खोकले, कळलं नाही. "बेटा, ठीक करके फिर दिखाओ. और टेस्टर बदलो."

ऑटोत मुक्ता माझा फोन तपासत बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "जुन्या प्रती वेळेवर झाडल्या जात नव्हत्या. तुंबल्या की सगळं थांबवून फोन त्या एकदम झाडत बसायचा. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?"

"तुझ्या कामावर शेरा कसा मारू?"

"शेरा कोण मागत होतं, बाबा? तक्रार हवी होती."

तक्रारीचा विषय निघाल्यावर आमच्या घरात दुसरा उमेदवार कोण असणार? सौ.ची नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी तिनं कळवलं : फोन तापतो, अक्षरं बारीक आहेत, बटणाला कावीळ झालीय आणि देशपांड्यांना दोनदा आरती का? मुक्ता एकेक दुरुस्त करत गेली. राठौडजींनी पुन्हा पाळ्या बदलून पाहिल्या. चहा मागवावा लागला नाही. काम मंजूर झालं.

मला पुन्हा चाचणीवर घ्यावं, असा अर्ज मी सौ.मार्फत, म्हणजे योग्य मार्गानं, सादर केला आहे. काल प्रगतीची विचारणा केली. मुक्ताचा मेसेज आला : निरंक.

अर्ज प्रलंबित आहे.