दादाचा गनमेटलचा गियर

रमेशदादा चुकला होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून बोलते. वर्षभर घरात कुणी हा विषय काढला नाही.

आमच्या बाबांची जुनी पेट्रोल जीप. लग्न झाल्यावर बाबांनी आईला याच जीपमधून जवळच्याच कळंबहून अर्नाळ्याला आणलं होतं. बाबा गेल्यावर ती अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आई एकदा सहज म्हणाली, "त्या गाडीत बसून एकदा माहेरी जायचं व्हतं."

झालं! मासेमारीच्या बोटीवरून आला की दादा थेट बॉनेटखाली.

इंजिन फिरत होतं, पण ठिणगी पडत नव्हती. प्लगला वेळेवर करंट पोचवतो तो डिस्ट्रिब्युटर. त्याच्या खाली एक छोटा गियर असतो, तो इंजिनातल्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्याच्या दात्यांवर फिरतो. त्या गियरचे दात पार गेले होते. नवा कुठे मिळेना.

गोखिवऱ्याला लूसीताईंचं गियर कापायचं वर्कशॉप आहे. बाईंचा आवाज त्यांच्या मशीनपेक्षा मोठा. त्यांनी कॅमशाफ्ट बघितला आणि म्हणाल्या, "कॅम बीडाचा आहे रमेश, ओतीव लोखंडाचा. गियर पण बीडाचाच करू."

दादाने पिशवीतून बाबांच्या बोटीच्या पंख्याचं तुटलेलं पातं काढलं. गनमेटलचं, पितळेसारखं पिवळं, चांगलं जाडजूड.

"ह्याचा कापा."

"अरे, हे मऊ पडतं. गाडी चालेल, पण गियर झिजेल. सारखं उघडून बघत बसावं लागेल."

"लूसीताई, जे वीस पावसाळे खाऱ्या पान्यात फिरलं, त्याचं तुमच्या तेलात काय व्हनार?"

मी तिथेच होते. मलाही त्याचंच पटलं. आमच्या घरात लोखंडावर कुणाचाच विश्वास नाही. खिडकीचे गज, सायकल, पत्र्याची पेटी, खाऱ्या वाऱ्याने सगळं खाल्लं. टिकला तो बोटीचा पंखा. मग दादाला दुसरं काय सुचणार? पण समुद्रात त्या पंख्याला फक्त पाणी कापायचं होतं, इथे बीडाच्या दातांशी दात घासायचे होते. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लूसीताईंनी भांडून भांडून शेवटी कापून दिला.

आणि गाडी सुरू झाली!

मग काय, दादाच्या अंगात वारं शिरलं. अख्ख्या अर्नाळ्याला फिरवलं त्याने. शाळेची पोरं, बर्फाच्या लाद्या, शेजारच्या नवरानवरीची वरात. मलाही विरार स्टेशनला सोडलं, मुद्दाम लांबच्या रस्त्याने.

आईला मात्र नाही.

"तिला खास नेनार. गुडघा बरा होऊ दे, नटूनथटून."

मधे एकदा ऑइल बदललं तेव्हा त्यात सोनेरी चुरा दिसला होता. दादा म्हणाला, "जुनी गाडी, कुठला तरी बुश झिजला असंल." कुणाला काय कळणार होतं?

शेवटी तो रविवार आला. आईने हिरवं लुगडं नेसलं, अबोलीची वेणी माळली. वहिनीने कळंबच्या मामांकडे द्यायला बोंबील बांधले. आई काठी टेकत पायरी उतरली.

सायलेन्सरमधून दोन-तीन फटाके वाजले आणि गाडी बंद पडली.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. गियरचे दात नखासारखे पातळ झाले होते.

सगळं गाव त्या गाडीत बसलं, आणि आईची पाळी आली तेव्हा गियर संपला होता.

दादा तसाच तेलकट हातांनी पायरीवर बसला. "आये, माझं चुकलं. लूसीताई सांगत व्हत्या."

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी कुठं पलून चाललेय? पुढच्या रविवारी जाऊ."

दादा दुसऱ्याच दिवशी बीडाचा गियर सांगून आला.

त्याच आठवड्यात, सकाळी बंदरावर जाळी उतरवताना छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

बाराव्यानंतर लूसीताई स्वतः गियर घेऊन आल्या. गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनीच तो बसवून दिला. तेव्हापासून गाडी अशी चालते की बोलायची सोय नाही. ऑइल स्वच्छ, टायमिंग पक्कं.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी जीप दारात आणली. वाटलं, दादाची इच्छा होती, आजच्या दिवशी पुरी करू.

"आई, चल. कळंबला जाऊ. मी चालवते."

आईने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. इंजिन चालू होतं.

"कलंबला काय, रिक्षानं पन जाता येतं गो."

एवढं बोलून ती आत गेली.

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

दादा, तुझी फार आठवण येते रे.

तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.