ताटलीत उरलेल्या पुड्या

मंडळी, सातपूरला कारखान्यांजवळ माझं किराणा दुकान आहे, हे कम्युनिटीतल्या जुन्यांना माहीतच आहे.

शहरात आता साध्या तंबाखूच्या पुड्यांवरही बंदी घालायचं चाललंय. म्हणून आज दुपारी आम्ही आठ-दहा दुकानदार अण्णांच्या गोडाऊनमध्ये जमलो. अण्णा आमच्यात सगळ्यात जुने.

ते म्हणाले, "शिफ्ट सुटली की कामगार पुडीसाठी थांबतो आणि जाताना ब्रेड-साबण नेतो. पुडीच नसेल तर तो थांबेल कशाला? शिवाय शहराबाहेर, सिन्नरला पुडी मिळणारच आहे!"

यात खोटं काही नाही. बंदी नको म्हणून सगळ्यांनी निवेदनावर सह्या केल्या. मीही केली.

चहानंतर ताटली फिरवायची आमच्याकडे पद्धत आहे. अण्णांनी तिच्यात बडीशेप ठेवली होती आणि कडेला त्याच तंबाखूच्या पुड्या. ताटली सगळ्यांच्या हातून फिरून परत आली. बडीशेप संपली होती. पुड्या होत्या तशाच होत्या.

अण्णांनी पुड्या माझ्या हातात दिल्या. "ने दुकानात, खपतील."

संध्याकाळी शिफ्ट सुटली आणि खरंच खपल्या.

तुमच्यातही कोणी दुकानदार असतील. तुम्ही रोज विकता, पण स्वतःच्या घरी कधीच नेत नाही, असं काय आहे?