मॅडमसाठी लावलेला सापळा

डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो, भावाकडे बघत होतो. मधुकरदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. चामोर्शीहून चंद्रपूरला मला तोच घेऊन आला होता, आणि दादा कुठे नेतो म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो. त्याला कारण आहे.

निदान होतं ऍस्पर्जर सिंड्रोम. डॉक्टर म्हणाले, "हा वेडेपणा नाही. तुमचा मेंदू जन्मापासून वेगळ्या रीतीनं चालतो. आवाज, उजेड, स्पर्श तुम्हाला जास्त लागतात. लोकांचं आडून बोलणं कळत नाही." दुसरा शब्द त्यांनी सांगितला ट्रॉमा, म्हणजे मनाला बसलेला मार. त्यावर काउन्सेलिंग घ्या म्हणाले, म्हणजे आठवड्यातून एकदा बसून बोलायचं. बोलून कुणी बरं झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

सुरुवात शेजारच्या लग्नात झाली. दोन पोरांनी मला बगलेत धरून बँडपुढे नाचायला ओढलं. त्यानंतर मी नऊ दिवस एक शब्द बोललो नाही. रक्त तपासलं. डोक्याला वायरी लावून ईईजी काढला, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. सगळं नॉर्मल आलं. शेवटी कुणीतरी चंद्रपूरच्या या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

मी शिंपी आहे, बायांचे ब्लाउज शिवतो. टेप कुणाच्या अंगाला लावत नाही, मापाला जुना ब्लाउज आणा म्हणतो. त्यामुळे गावात मी फार सभ्य माणूस. खरं म्हणजे कुणाचा हात लागला की मला चटका बसतो.

आता कारण सांगतो. एकोणिसाव्या वर्षी मी असाच गप्प झालो होतो. आमचं घर बौद्ध, वडिलांनी अंगारे-धुपारे कधीच घराबाहेर काढलेले. पण आत्यानं 'याला बाहेरचं लागलंय' असा धोशा लावला. वडील पंधरा दिवस गावाला गेलेले बघून दादा मला जंगलातल्या एका बाबाकडे घेऊन गेला. मला म्हणाला होता, दवाखान्यात जाऊ. तिथे पायात साखळी घातली आणि दाराला बाहेरून कडी. दादा निघून गेला. वडिलांना कळून ते मला न्यायला आले तोवर सतरा दिवस झाले होते. घरात ते पुन्हा कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही.

म्हणून काउन्सेलिंगच्या फरहाना मॅडम पहिल्या दिवसापासून मला खटकल्या. दार उघडं ठेवू की लोटू? ट्यूबलाइट बंद करू का? मी कुठे बसू, समोर की बाजूला? लिहून घेतलं तर चालेल का? इतकं गोड विचारणाऱ्याला काहीतरी काढून घ्यायचं असतं, असं माझं मत. मी खुर्ची दाराशी ओढली आणि लिहायचं नाही म्हणालो. त्यांनी पेन ठेवून दिलं. त्याचाही मला संशय आला.

त्या म्हणाल्या, इथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय भावालाही कळणार नाही. आणि भाऊ तर दर खेपेला बाहेर बाकावर. आपलं सायकलचं दुकान बंद करून यायचा आणि तासभर हलायचा नाही. माझ्या मागे याला रिपोर्ट मिळत असणार. उद्या मॅडम एक चिठ्ठी देतील आणि हा मला पुन्हा कुठेतरी कोंडून येईल, हे मी धरूनच चाललो होतो.

पाचव्या खेपेला मी सापळा लावला. मॅडमना सांगितलं, पुढच्या महिन्यात मी गुपचूप सिरोंच्याला राहायला जातोय, घरी कुणाला माहीत नाही. धडधडीत खोटं. पण मला खोटंसुद्धा चुकीचं बोलता येत नाही. म्हणून आधी स्टँडवर जाऊन सिरोंच्याच्या गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्या होत्या. शिलाई मशीन टपावर चढवतात का, तेही विचारलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि तिथे राहायचं कसं, एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "सिरोंच्याले जातेस म्हणे?"

मी ताटावरून उठलो. चोर सापडला होता. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण माझं बरोबर निघालं होतं. तीन आठवडे मी चंद्रपूरला गेलो नाही. दादानं आग्रह केला नाही, तेही मला संशयास्पद वाटलं.

मग मॅडमचं पत्र आलं. पाकीट बंद, वर पाठवणाऱ्याचं नाव नाही. कुणी फोडून पुन्हा चिकटवलंय का ते मी उजेडात धरून बघितलं. आत दोनच ओळी होत्या: यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे.

मी गेलो ते भांडायला, आणि पहिल्यांदा एकटा. उभ्यानंच सगळं सुनावलं. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. मग विचारलं, "सिरोंच्याचं आणखी कुणाकुणाशी बोलला होता?"

कुणाशीच नाही, म्हणालो. पण मला अर्धवट उत्तर देता येत नाही. मशीनचं विचारलं तो हमाल. खोलीचं विचारलं तो कापडवाला. गाड्यांच्या वेळा सांगितल्या ते स्टँडवरचे कंट्रोलर. कंट्रोलर म्हणालो आणि माझं मलाच कळलं. त्यांची सायकल दर महिन्याला दादाच्याच दुकानात असते.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. जिथे कुणी एकदा फसवलंय, तिथे माणसानं तपासून बघावं. वाटलं तर अजून तपासा."

मी खाली बसलो. त्या दिवशी सतरा दिवसांचं सगळं सांगितलं, साखळीपासून. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मधे दोनदा उठून बाहेर नळावर जाऊन आलो, त्यांनी थांबवलं नाही. मला कुणी धरलं नाही, आणि तेच मला हवं होतं.

बाहेर आलो तर बाकावर दादा. माझ्या मागच्या गाडीनं आला होता. मला आडून विचारता येत नाही, म्हणून सरळ विचारलं, "दादा, तू इथी काऊन बसून राह्यतेस? मॅडमले काय विचारतेस?"

तो आधी बाकावर थोडा सरकला. मग म्हणाला, "मॅडमसंगं मी एक शब्द बोललो नाई. त्या वक्ती तुले आत टाकून मी घरी निघून गेलतो. तू हाका मारून राह्यला होता, मले रस्त्यापर्यंत आयकू येत होतं. आता तू बाहेर येयेपर्यंत मी हालत नाई."

मी त्याच्या बाजूला बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. आमची गाडी चुकली. तो रडत होता आणि मला काय करायचं ते कळत नव्हतं. तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, काही करू नको.

तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर ते तुम्हाला तपासेल, खोटं बोलून बघेल. रागावू नका, तपासू द्या. फरहाना मॅडमचे उपकार मी मानतो, पण त्यानंतरही त्यांना दोनदा तपासलं. दादाला नाही.