कुणाच्याच नसलेल्या शेणी

माझा धंदा माणसांची नावं मोठी करण्याचा. उचगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गल्लीतल्या पोराला मिसरूड फुटलं, की ते गॉगल लावून माझ्याकडे येतं आणि मी त्याला दहा बाय आठमध्ये 'युवा नेतृत्व' करून सोडतो. वाढदिवस, निवड, बारसं, दहावा, सगळं माझ्या हातून जातं. अशी पंधरा वर्षं काढल्यावर माणसाची नजर बिघडते. ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो माणूस अजून पुरता जन्मलाच नाही, असं वाटायला लागतं. याच नजरेनं मी शालूबाईकडं बघितलं आणि सगळा घोटाळा झाला.

शालूबाई माझ्या घरासमोर राहते. वय सत्तरीला टेकलंय. नवरा जाऊन तीस वर्षं झाली. दारात दोन म्हशी, मुलगा सम्राट एमआयडीसीत कामाला, सून पूर्णिमा घर बघते. सगळी गल्ली तिला आत्ती म्हणते, मीही म्हणतो. ती दूध डेअरीला घालते आणि शेणाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापते. दिवाळी सरली की तिच्या परड्यातली भिंत शेणींनी भरून जाते.

आमच्याकडं अंत्यविधीला शेणी लागतात. म्हणून होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी पंचगंगेच्या स्मशानात पोचवायच्या, अशी रीत पडली आहे. आमच्या गल्लीचा ढीग मारुतीच्या देवळामागं लागायचा. संक्रांतीपासून बायका येता-जाता पाच-दहा शेणी टाकायच्या. तानाबाई टाकायची, बाळाबाई टाकायची, ज्यांच्या दारात जनावर नाही त्या मागून आणून टाकायच्या. कुणी कुणाला विचारायचं नाही. होळीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर यायचा आणि ढीग भरून न्यायचा.

त्यातल्या निम्म्याअधिक शेणी शालूबाईच्या असायच्या, हे मला समोर राहतो म्हणून ठाऊक. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ती निघायची, ढिगावर शेणी रचायची, 'कृष्णार्पण' म्हणायची आणि मागं न बघता घरी यायची. मी एकदा विचारलं होतं, "आत्ती, एवढं कशापायी?"

"मालक गेलं तवा आषाढ हुता," ती म्हणाली. "घरात एक वाळली शेणी न्हवती. कुणाच्या तरी शेणीवर जळालं. कुणाच्या, ते आजवर मला ठावं न्हाय. किती बरं झालं बघ. ठावं असतं तर जल्मभर त्या माणसाम्होरं मान खाली घालून चालाय लागलं असतं."

मला त्यात फक्त चांगली गोष्ट दिसली. तिचा अर्थ दिसला नाही.

दोन वर्षांपूर्वी गावात सप्ताह झाला. कीर्तनकार महाराजांनी कर्तेपणावर तास-दीड तास घेतला. करणारा तो, आपण नुसते हात, 'मी केलं' हे दोन शब्द टाकले की माणूस मोकळा झाला, असं फार गोड बोलले. आता महाराजांचा स्वतःचा फ्लेक्स बारा फुटी होता आणि त्यात चेहरा काळा आला म्हणून मला दोनदा फोन झाला होता, ती गोष्ट सोडा. बोलले ते खरंच होतं. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर शालूबाई आली. हात जोडावेत असं वाटलं. पण आमचं डोकं पडलं फ्लेक्सवाल्याचं, ते हात जोडून थांबतंय होय!

दुसऱ्या दिवशी सम्राटच्या मोबाइलमधून तिचा फोटो घेतला, कुणाच्या तरी लग्नातला, हिरव्या काठाच्या लुगड्यातला. मागं ज्वाळा आणि उगवता सूर्य टाकला. वर ठसठशीत 'शेणीदानाची माउली'. खाली कोपऱ्यात हात जोडलेला मी, शुभेच्छुक. खरं सांगायचं तर तो कोपरा तितका लहान नव्हता. मला तेव्हा गल्लीतल्या मंडळाचं अध्यक्षपद हवं होतं. देवळात सत्कार केला, शाल, नारळ, फेटा. शालूबाई अंग चोरून बसली होती. मी समजलो, म्हातारी लाजली.

सत्कारावरून परत जाताना तानाबाई माझ्यापाशी थांबली. "विश्वा, आमच्या शेणी काय मातीच्या हुत्या काय रं?"

मी हसलो. हसायला नको होतं.

पुढच्या संक्रांतीला ढीग लागला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, देवळामागं नुसती जमीन. मी बाळाबाईला विचारलं तर ती फटकन म्हणाली, "आता त्या माउलीच्या शेणी झाल्या न्हवं? भरू दे की तिला." आणि माउली तर घराबाहेरच पडत नव्हती. होळीला ट्रॅक्टर आमच्या गल्लीत वळलाच नाही. तीस वर्षं जे आपोआप चाललं होतं, ते माझ्या एका फ्लेक्सनं बंद पाडलं.

मी तिच्याकडं गेलो. ती म्हैस धूत होती.

"आत्ती, रागावलीस व्हय माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू?" म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता बोलली, "त्यो फोटू बघायला मी तीनदा गेलते. पहाटंचं, कुणी नसताना. बरं वाटलं रं मला. लई बरं वाटलं. तवापास्नं शेण थापाय बसलं की फोटूच म्होरं येतोय. ही माझी शेणी, ही बी माझी. असल्या शेणी देवाला कशा द्यायच्या?"

"फ्लेक्स कवाच काढलाय की."

"व्हय. काढलास."

एवढंच. पण तिचा आवाज असा पडला होता, की मला त्या दिवशी माझ्या धंद्याची शिसारी आली. लोकांनी टाकून बोलल्याचं तिला दुःख नव्हतं. तीस वर्षं जपलेलं मन नासलं, याचं होतं. आणि ते नासवणारा मी.

यंदा ठरवलं, हे आपणच निस्तरायचं. माझी बहीण प्रियदर्शनी गडमुडशिंगीत दिलेली, तिच्या दारात चार म्हशी. रविवारी सकाळी जाऊन मी गोठ्यात शेण थापायला लागलो. बहिणीला वाटलं, भावाच्या डोक्यावर परिणाम झाला. माझ्या शेणी गोल कुठल्या व्हायला, एकेक जिल्ह्याच्या नकाशासारखी. पण वाळल्या. संक्रांत झाल्यावर पोत्यात भरून गाडीवरून आणल्या आणि पहाटे देवळामागं रचल्या. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दहा दिवस माझ्या वेड्यावाकड्या शेणी तशाच पडून होत्या. दर्शनाचं निमित्त काढून मी रोज बघून यायचो. अकराव्या दिवशी शेजारी दुसऱ्या आठ-दहा दिसल्या, गोल, बोटं उमटलेल्या. मग आणखी. आठवड्यात ढीग गुडघ्याएवढा झाला. नळावर बायका बोलत होत्या, "कुणी सुरू केलं गं?" "कुणाला ठावं!" ते 'कुणाला ठावं' कानावर पडलं आणि माझा ऊर भरून आला. आयुष्यात लावलेल्या एकाही फ्लेक्सनं तेवढा आनंद दिला नव्हता.

पण तो आनंद पोटात राहीना. निदान एका माणसाला तरी कळलं पाहिजे, असं सारखं वाटायला लागलं. कुणाला? तर शालूबाईला. तिच्या जिवावरचं ओझं उतरेल, तिच्याच भल्यासाठी सांगायचं, असं मी स्वतःला पटवलं. पटवायला आम्हाला कितीसा वेळ लागतो!

सकाळीच गेलो. शालूबाई दारात उभी होती. पायाशी शेणींनी भरलेली पाटी, हातात डोक्यावर ठेवायची चुंबळ. ते बघून मी तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. पण रस्ता ओलांडतानाच माझं तोंड सुटलं होतं.

"आत्ती, ढीग बघितलास? पयल्या शेणी मी टाकल्या! सोता थापल्या, गडमुडशिंगीत जाऊन. तुझ्यासाठी!"

तिचा हात चुंबळीवर थांबला. ती रागावली नाही. कुणी गेल्याचा निरोप उशिरा मिळावा तशी माझ्याकडं बघत राहिली.

"तुझ्या व्हय त्या," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाच्याच न्हाईत. म्हणून निघालते."

तिनं चुंबळ उलगडली, झटकली आणि खांद्यावर टाकली. पूर्णिमाला हाक मारून पाटी आत न्यायला सांगितलं. मग मला म्हणाली, "बस. च्या घेऊन जा."

मी बसलो. चहा घेतला. होळी आली आणि गेली, ती पाटी काही बाहेर आली नाही.