घोडीनं नाव काढलं

यशवंता गेल्याचं मला बदलापूरच्या बाजारात कळलं. हातात मेथीची जुडी होती. भाजीवाली भाव सांगत राहिली, मी जुडी तिथंच ठेवून निघालो. त्याला आता महिना होईल.

अंबरनाथ एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत होतो. तो प्लांटवर, मी ऑफिसात टेलिफोनपाशी. ऐंशीच्या दशकात त्यानं बायकोच्या नावावरचा शिरगावचा प्लॉट विकला आणि उल्हासनगर कॅम्प चारच्या एका सिंधी कापडवाल्याबरोबर भागीदारीत शर्यतीची घोडी घेतली. "येड लागलंय तुला," मी म्हणालो, तर डबा खाता खाता मलाच शिकवायला बसला. मोठ्या शर्यतीला काही महिने आधी नाव द्यायचं, तेव्हा थोडी फी. मग टप्प्याटप्प्यानं आणखी. लवकर माघार घेतली तर कमी बुडतात, शेवटपर्यंत राहिलं तर सगळे लागतात. या फियांची भर बक्षिसात पडते, ते पहिल्या काही नंबरांना मिळतं आणि त्यातूनही ट्रेनर, जॉकीचा वाटा जातो.

"म्हणजे हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याचं ताट वाढायचं."

"तेच तर. यंदा ताटावर आपण बसू. वसुधाला प्लॉट परत घेऊन देतो बघ."

शेवटची फी भरायच्या सकाळी ट्रेनरचा फोन आला. लाइनीत नुसती खरखर. "घोडी... पाय... नाव काढ..." एवढंच कानावर पडलं. परत विचारायचं सोडून मी शहाणा धावत प्लांटवर गेलो. "यशवंता, ट्रेनर म्हणतोय, घोडी नाव काढणार!" त्यानं हाफ डे टाकला आणि स्वतः जाऊन फी भरली.

ट्रेनरचा निरोप वेगळाच होता. घोडीचा पाय सुजलाय, शर्यतीतून नाव काढा. फी भरलेली पाहून त्याला वाटलं, मालक हट्टाला पेटलाय. शर्यतीत वळणावर घोडीचा पाय मोडला. तिथंच तिला सुई देऊन संपवली.

"फोनवर एक बोलतो, तोंडावर एक," असं यशवंता पुढं कायम ट्रेनरबद्दल सांगत राहिला. भागीदारानं मला एकदाच विचारलं, "साईं, फोन पे बराबर क्या बोला था?" मी म्हणालो, "जो बताया, वोही." त्यानंतर दहा-बारा वर्षं मी यशवंताच्या डब्यातली भाजी खाल्ली आणि गप्प राहिलो. मी भित्रा माणूस आहे.

परवा वसुधावहिनींना भेटायला गेलो. भाड्याची खोली, खिळ्याला जॉकीचा हिरवा-पिवळा सदरा, कॅम्पातच शिवलेला. त्यांनी तो काढून घडी घातली. "भावजी, हा तुम्हाला द्यायला सांगितला होता. म्हणायचे, त्या धंद्यात माझ्याशी खरं बोलणारा तोच एक."

मी सदरा घेतला, चहा प्यालो आणि निघालो. वहिनींकडे पेपरासोबत ही पुरवणी येते. समोर बसून जे जमलं नाही, ते त्यांनी आता इथं वाचावं.