विकायचा नसलेला चाकू

अमेरिकेत येऊन माणसं काय काय गोळा करतात! आमच्या गल्लीत एकाकडे चार ग्रिल आहेत, एकीकडे गणपतीच्या मखरांचे दोनशे फोटो आहेत. मी जुने चाकू गोळा करते. या नादाची गंमत अशी की मनासारखा चाकू वर्षा-दोन वर्षांत एखादा मिळतो, किस्से मात्र दर खेपेला मिळतात. माझ्याकडे चाकू एक्केचाळीस आहेत. किस्से मोजायचं मी सोडून दिलंय.

अ‍ॅशबर्न या आमच्या गावात आम्ही तिघं या नादाला लागलेलो. सरनाईक काका, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी अमरावतीहून आलेले आणि आता रिटायर झालेले सर्जन. मंदार, नागपूरचा, क्लाउडमध्ये काम करतो. आणि मी शुभदा, मूळची सांगलीची, डेटा सेंटरमध्ये नोकरीला. आम्हाला हवे असतात ते इथल्या लहान लहान गावांतल्या, कधीच्याच बंद पडलेल्या कारखान्यांमधले चाकू. खिशात ठेवायचे, घडी घालायचे, शिकारीचे. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का ठोकलेला असतो, तो भिंगातून वाचत आम्ही शनिवारच्या शनिवार घालवतो.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी कौतुकानं सगळा संग्रह दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "शुभदा, घरात एवढे चाकू, आणि कांदा चिरायला एक धड नाही!"

*

सासूबाईंनी निदान हात तरी लावला नाही. मंदारची आई सहा महिन्यांसाठी आली होती, त्यांनी हात लावला.

जुन्या पोलादाच्या पात्यावर वापरून वापरून एक निळसर करडी झाक चढते. ती आपण आणू म्हटलं तर येत नाही, त्याला पन्नास-साठ वर्षं जावी लागतात. गिऱ्हाईक आधी तीच बघतं. मंदारनं अशी झाक असलेला चाकू मोठ्या मुश्किलीनं मिळवला आणि टेबलावर ठेवून ऑफिसला गेला.

आईंना वाटलं, पोराला वेळ मिळत नाही. त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली, आणि तासभर बसून तो चाकू देवघरातल्या तांब्यासारखा लखलखीत केला. झाक तर गेलीच, शिक्कासुद्धा गेला.

मंदार घरी आला. चाकू बघून तिथेच खुर्चीवर बसला. आईला बोलणार काय!

पुढच्या आठवड्यात आई नागपूरच्या मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर सांगत होत्या, "इतकी माया आहे न पोराची! मी चाकू घासून ठेवला, तर त्याच्या डोळ्यात पाणी आलं."

*

मंदारचाच आणखी एक. घरून काम करताना त्याला चाकूंना तेल लावायची सवय आहे. कॅमेरा बंद असतो, हात मोकळे असतात. एकदा त्याचा वर्षाचा रिव्ह्यू होता आणि कॅमेरा चालू राहिला. पडद्यावर मंदारचा गंभीर चेहरा, आणि हातात आठ इंची शिकारीचा चाकू, त्यावरून फडकं खाली-वर, खाली-वर.

मॅनेजर म्हणाला, "मंदार, या वर्षी काही गोष्टी इम्प्रूव्ह करता आल्या असत्या."

"कोणत्या?" मंदारनं चाकू उजेडात धरून विचारलं.

"नाही, तशा काही नाहीत."

त्या वर्षी त्याला टीममधलं सगळ्यात चांगलं रेटिंग मिळालं! कारण त्याला रेकॉर्डिंग बघितल्यावर कळलं.

*

एकदा आम्ही तिघं चाकूंच्या प्रदर्शनातून थेट मंडळाच्या पिकनिकला गेलो. सरनाईक काकू पुढे पोचल्या होत्या. बाकावर हे एवढं मोठं कलिंगड, भोवती तीसेक माणसं, आणि चाकू आणायचा सगळेच विसरलेले.

"अहो, हे तिघं आत्ताच आलेत ना! गाडीत चाकूच असतील," कोणीतरी म्हणालं.

होते की. सत्तावीस होते. पण जो चाकू सत्तर वर्षं कशालाही न लागता राहिला, त्यानं कलिंगड कापायचं? मी मंदारकडे बघितलं, मंदारनं काकांकडे, आणि काकांनी आभाळाकडे.

शेवटी काकूंनी कलिंगड उचललं आणि बाकाच्या कडेवर आपटून फोडलं. काकांच्या हातात एक ओबडधोबड तुकडा देत म्हणाल्या, "जन्मभर माणसांवर सुऱ्या चालवल्या, आणि कलिंगडाला हात कचरतोय!"

*

आता व्हर्ननबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या अर्ध्या गोष्टी त्याच्या टेबलापाशी घडलेल्या आहेत.

अ‍ॅशबर्नहून दोन तासांवर डोंगराच्या पायथ्याला दर वसंतात आणि शरदात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे कोपऱ्यातलं टेबल व्हर्ननचं. वय ऐंशीच्या पुढे, अंगात कायम एकच चौकड्यांचा शर्ट. बोलणं मोजकं, आणि चाकूच्या बाबतीत नियम कडक.

पहिला नियम असा की उघडा चाकू दुसऱ्याच्या हातात देताना समोरच्यानं नीट पकड घेऊन "थँक यू" म्हणायचं. तोवर व्हर्नन सोडत नसे. पहिल्या भेटीत मी गप्प राहिले, तर आम्ही दोघं मिनिटभर एकाच चाकूला धरून उभे होतो.

दुसरा नियम मला त्याच दिवशी कळला. त्यानं उघडून दिलेला चाकू मी बघितला आणि सभ्यपणे मिटून परत केला. व्हर्ननचा चेहरा पडला. त्यानं तो चाकू पुन्हा उघडला, स्वतःच्या हातानं मिटला आणि म्हणाला, "ज्यानं उघडला, त्यानंच मिटायचा."

"नाहीतर काय होतं?" मी विचारलं.

"कोणाला माहीत! आमच्याकडे अजून कोणी करून बघितलेलं नाही."

*

व्हर्ननच्या टेबलावरचे चाकू आमच्यासाठी, पण काकांचा जीव अडकला होता तो त्याच्या खिशातल्या चाकूत. घडी घालायचा शिकारीचा चाकू, मोठा, शिंगाची मूठ, पिवळसर तपकिरी, हातात घेतली की खडबडीत लागणारी. व्हर्ननच्या वडिलांचा. त्यांच्यानंतर याचा.

काकांचे वडील मेळघाटात फॉरेस्ट रेंजर होते. जंगलात गळून पडलेली सांबरशिंगं ऑफिसच्या मागच्या खोलीत रचलेली असत, लिलावासाठी. ती पुढे बोटीनं परदेशी जात आणि इथले कारखाने त्यांच्या मुठी बनवत. हे काकांना कळलं ते इथे, साठी उलटल्यावर.

"शुभदा, त्या ढिगावर बसून मी पाढे पाठ केलेत गं," काका मला म्हणाले होते. "त्या मुठीवर हात ठेवला ना, की बाबांची आठवण येते. तो चाकू मला हवाय. दुसरा नाही, तोच."

त्यांनी व्हर्ननला हेही सांगून बघितलं, "हे शिंग आमच्या जिल्ह्यातलं आहे."

व्हर्नननं विचार केला. म्हणाला, "मग मूठ तुमच्या जिल्ह्याची. पण पातं आमच्याकडचं आहे, डॉक. नॉट फॉर सेल."

काका वर्षातून दोनदा विचारत, व्हर्नन वर्षातून दोनदा नाही म्हणे. असं नऊ वर्षं चाललं. वडील मरताना व्हर्नननं त्यांना शब्द दिला होता, विकणार नाही म्हणून. एकदा मंदार मध्ये पडला, "विकू नका, गिफ्ट द्या ना मग, यार!" तर व्हर्ननला ते आणखीच वाईट वाटलं. मित्राला चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, म्हणाला. काकाही गंभीरपणे मान डोलवत म्हणाले, "आमच्याकडेही हातातून हातात चाकू देत नाहीत, भांडण होतं." झालं, तोही रस्ता बंद!

एका शरदात काकूंनी व्हर्ननसाठी चकलीचा डबा दिला. त्यानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग डबा मांडीवर घेऊन बसला. टेबलापाशी गिऱ्हाईक उभं, याचं लक्ष नाही. शेवटी काकूंना फोन लावून द्यायला सांगितला. "मॅडम, याचं अख्खं पिंप विकत मिळेल का?"

काकू फोनवर म्हणाल्या, "नॉट फॉर सेल."

व्हर्नन इतका हसलेला मी पुन्हा पाहिला नाही. पुढच्या खेपेपासून दोन डबे जायला लागले.

*

खंडेनवमीला आमची तिघांची पूजा काकांकडे असते. सर्जन माणूस, पूर्वी आपल्या जुन्या अवजारांची करायचे, आता चाकूंची करतात. चौरंगावर सगळे चाकू उघडून मांडायचे.

पहिल्या वर्षी आम्ही साग्रसंगीत केलं. प्रत्येक पात्याला ओलं हळदकुंकू, वर फुलाची पाकळी. आरती, प्रसाद, गप्पा. सकाळी बघतो तर प्रत्येक पात्यावर गंजाचा गोल टिळा! मंदारच्या एका चाकूवर तर पाकळीचा हुबेहूब आकार उठला होता. तेव्हापासून हळदकुंकू चौरंगाला, चाकूंना फक्त नमस्कार. पूजा झाली की पुसून, तेलाचा हात फिरवून, एकेक मिटून ठेवायचा.

काका तो पाकळीवाला चाकू घेऊन मुद्दाम व्हर्ननकडे गेले. त्यानं भिंगातून पाहिला, आमचं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही वर्षातून एकदा चाकूंचे आभार मानता?"

"हो, तसंच."

"आणि मग त्यांना ओलं ठेवता?"

*

गेल्या वसंतातली गोष्ट. व्हर्नन काठी घेऊन आला होता, शर्ट अंगावर ढगळ झालेला. मुलीनं टेबल मांडून दिलं. काकांनी चकलीचे डबे ठेवले आणि सवयीनं विचारलं, "काय मग, यंदा तरी?"

व्हर्नननं खिशातून तो चाकू काढला, उघडला, आणि काकांपुढे धरला. म्हणाला, "डॉक, जरा धर. आलोच."

काकांनी पकड घेतली. "थँक यू," म्हणाले. व्हर्नननं सोडला आणि काठी टेकत पार्किंगकडे गेला.

काका त्याच्या स्टुलावर बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी आणि मंदार सगळा बाजार फिरून आलो, तरी काका उघडा चाकू धरून बसलेलेच. एक माणूस थांबून म्हणाला, "सुंदर चाकू आहे. केवढ्याला?"

"नॉट फॉर सेल," काका म्हणाले.

दोन तासांनी व्हर्ननची मुलगी टेबल आवरायला आली. काकांनी विचारलं, "डॅड कुठे आहेत?"

"घरी. मी मघाशीच सोडून आले." ती डोळे पुसत हसत होती. "ते म्हणाले, विकायचा नाही असा शब्द दिलाय, आणि मित्राला चाकू भेट देत नाहीत. डॉकला सांग, मी येईपर्यंत धरून ठेव."

काका बराच वेळ त्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी चकलीचा एक डबा कागदावर रिकामा करून चकल्या तिच्याकडे दिल्या, आणि त्या डब्यात तो चाकू ठेवला. उघडाच.

गाडी मंदार चालवत होता. "काका, मिटवा ना यार तो! पोलिसांनी थांबवलं तर काय सांगू?"

"सांग, एका माणसानं धरायला दिलाय."

त्यानंतर दर रविवारी काका व्हर्ननला फोन करत. "काय रे, कधी येतोस?" पलीकडून तेच उत्तर, "येतो ना, डॉक. घाई कसली आहे?"

ऑगस्टमध्ये मुलीचा फोन आला. व्हर्नन झोपेत गेला. आम्ही तिघं आणि काकू अंत्यविधीला जाऊन आलो. मला रडू आवरलं नाही, ते मी लपवत नाही.

मग खंडेनवमी आली. चौरंगावर सगळे चाकू मांडले, मधोमध तो. काकूंनी नैवेद्य म्हणून त्याच्यापुढे वाटीभर चकली ठेवली. आरती झाली. मी आणि मंदार नेहमीसारखे पुसत, तेल लावत, एकेक चाकू मिटत गेलो. सगळे झाले, तो एकच उरला. मी पातं पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि सवयीनं मिटायला बोट लावलं.

"शुभदा, तो राहू दे," काका म्हणाले. "ज्यानं उघडलाय, तो मिटेल."